गायरानातली वाट

वालूरहून आमच्या गावाकडे येताना प्रथम गायरान लागते, मग विहीर आणि मग घरे. सायंसंध्येसाठी मी विहिरीच्या काठी बसत असे, तेव्हा पश्चिमेकडून धुळीचा एक ढग सावकाश चालत येई. त्या ढगाच्या पोटातून आधी शीळ ऐकू येई, नंतर खुरांची सळसळ, आणि सर्वांत शेवटी, खांद्यावर घोंगडी टाकलेले आणि मानेवर आडव्या धरलेल्या काठीवरून दोन्ही हात लोंबते सोडलेले आमचे सरपंच दिसू लागत. आज इतक्या वर्षांनी जपाला डोळे मिटले की गायत्रीच्या अक्षरांत ती शीळ मिसळते, आणि मी तिला वेगळी काढीत नाही.

ते धनगर होते. अक्षरओळख सहीपुरती. संस्थान विलीन झाले, गावात पंचायत आली, तेव्हा लोकांनी त्यांना निवडले ते त्यांच्या एका सवयीसाठी. कोणतेही भांडण ते बसून ऐकत नसत. दोघे भाऊ बांधावरून हातघाईला आले की हे काठी उचलून म्हणत, "आधी चालू, मंग बोलू." आणि वादी, प्रतिवादी, पंच, बघे, सगळी मंडळी त्या बांधाकडे चालू लागत. बांधाच्या टोकाला पोचेपर्यंत दोघांचा दम आणि राग बरोबरच ओसरे. मग हे हसून विचारीत, "आता भांडता, का आधी पानी पेता?"

गायरान नांगरून वाटून घ्यावे, असे त्या अस्थिर दिवसांत पुष्कळांच्या मनात होते. ते मोकळे राहावे म्हणून सरपंच दरखास्त घेऊन तालुक्याच्या कचेरीत पायी जात आणि पायीच परतत. परतताना विहिरीशी टेकत. मी विचारी, "आज काही झाले का?"

"राज बदललं, महाराज, पर कचेरीतला बाक त्योच हाय. आता तर माझ्या बुडाला वळखायलाय."

अखेरीस हुकूम मिळाला. गायरान सर्वांसाठी मोकळे राहिले, आणि दिवाळीनंतर दुरून येणाऱ्या कळपांनाही तिथे उतरता येऊ लागले. ते कळप लोकांच्या मोकळ्या रानात मुक्कामाला बसत, जमिनीला खत मिळे, धनगरांना धान्य मिळे. या वाटेला कधी आडकाठी होणार नाही, असा शब्द सरपंचांनी त्या परक्या धनगरांना दिला होता.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ते तापाने गेले. जोंधळा हुरड्याला आला होता. गावात चूल पेटली नाही.

उपसरपंच हा त्यांच्या पाठच्या भावासारखा माणूस. त्याने ठरवले की गायरान दोन्ही बाजूंच्या शेतांत अरुंद होते तिथे, वाटेवरच चौथरा बांधायचा, त्यावर काळ्या पाषाणाची शिळा उभी करायची आणि भोवती भिंत घालायची. शिळा गाडीतून आली. तिच्यावर कोरण्यासाठी श्लोक आणि पायाभरणीसाठी मुहूर्त त्याने माझ्याकडे मागितला. मी गोरज वेळ सांगितली. गाईंच्या खुरांची धूळ आकाशी चढते ती घटका आमच्या शास्त्राला पवित्र, आणि त्यांच्यासाठी याहून योग्य घटका मला सुचली नसती.

पायाभरणीच्या आदल्या दिवशी त्यांची पत्नी विहिरीवर आली. घागर तिने भरलीच नाही.

"महाराज, तुमी मुहूर्त काढून दिला म्हनं."

"हो बाई. उद्याची गोरज."

"त्याच येळंला मेंढरं येत्यात. मधी भिंत झाली तर येतील कुठून?"

"वळसा घालतील, असे उपसरपंच म्हणत होते."

"वळसा म्हंजी लोकाच्या पिकातून. पिकात शिरली की भांडनं. भांडनं झाली की कुनीतरी म्हनंलच, मेंढरंच नकोत गावाला." तिने रिकामी घागर कडेवर घेतली. "त्यांचं नाव दगडावर ऱ्हाईल अन् सबूद मातीत जाईल. मंग जलमभर चपला कशाला झिजिवल्या त्यांनी?"

मी म्हणालो, "हे उद्या सभेत बोला."

"मी न्हाई बोलनार," ती म्हणाली. "मी चालनार."

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर गाव जमले. उपसरपंच बोलायला उभा राहिला. इतक्यात ती आली. डोईवर पदर, हातात सरपंचांची काठी.

"आधी चाला, मंग बोला."

"वहिनी, सगळं ठरलंय की आता."

"ठरलंय तर चालायला काय जातंय तुमचं? गुडघं दुखायलेत काय, भावजी?"

कित्येक दिवसांनी गाव हसले. आणि मग, जसे कोणी अदृश्य माणूस पुढे निघाला असावा, तसे सगळे उठून चालू लागले. मीही चाललो. पूजेचे ताम्हन माझ्या हातात तसेच होते. थंडीचा पिवळा उजेड गायरानावर आडवा पसरला होता, आणि माणसांच्या सावल्या इतक्या लांब झाल्या होत्या की आमच्या आधी सावल्याच तिथे पोचल्या.

चौथऱ्याच्या जागी खुंट्या ठोकून दोरी ताणली होती. भिंतीच्या रेषेवर चुन्याची फक्की टाकली होती. आणि समोरून तो ढग आला. त्यात शीळ तेवढी नव्हती. मागून सरपंचांचा सख्खा भाऊ चालत होता; कळप आता तोच राखी.

पुढची मेंढी दोरीशी आली आणि थांबली. तिने दोरी हुंगली. मागचा कळप तिच्यावर येऊन दाटला, धूळ चढली, कोकरांनी एकच कालवा केला. बाजूची काही मेंढरे फुटली आणि शेजारच्या जोंधळ्याकडे वळली.

"अहो उपसरपंच," कोणीतरी ओरडले, "तुमचाच जोंधळा हाय की त्यो!"

त्याने जोंधळ्याकडे पाहिलेही नाही. तो त्या थांबलेल्या मेंढीकडे बघत राहिला. मग खाली वाकला आणि दोन्ही हातांनी खुंटी उपटली. एक उपटली, दुसरी उपटली, दोरी सैल होऊन धुळीत पडली.

त्याच क्षणी शीळ आली. तीच, अखेरीस किंचित वर वळणारी. आम्ही सगळ्यांनी दचकून मागे पाहिले. सरपंचांच्या पत्नीने पदर सावरला आणि पुन्हा शीळ घातली. जोंधळ्याकडे गेलेली मेंढरे परतली, आणि सगळा कळप चुन्याची रेषा तुडवीत, खुरांवर थोडी थोडी शुभ्र भुकटी घेऊन, आमच्या मधून वाहत गेला. धुळीत मला माझाच हात दिसेना. काही काळ वाटले, ते पुढेच चालले आहेत आणि आता विहिरीशी टेकतील.

"वहिनी," उपसरपंच डोळे पुसत म्हणाला, "म्या त्यांच्याच वाटंला भिंत घालायलो व्हतो." मग माझ्याकडे वळून, "महाराज, आता त्या शिळंचं काय करावं?"

मी सांगितले की शास्त्रात दोन पुण्ये आहेत. यज्ञयाग ते इष्ट. विहीर, तळे, वाटसरूची सावली, ते पूर्त. सरपंचांनी सारा जन्म दुसरेच केले.

"मंग सोपं हाय," ती म्हणाली. "इहिरीवरची डोण फुटलीय. जनावरं चिखलातलं पेत्यात."

पाथरवटाने शिळा आडवी घातली आणि तिच्या पोटात खोल डोण कोरली. माझ्या श्लोकाला जागा उरली नाही. तो मी डोणीत पहिले पाणी सोडताना म्हणायचा असे ठरले, पुन्हा एका गोरजवेळी. मोटेचे पाणी पन्हाळीतून आले, काळ्या दगडावर आकाश उतरले. मी आचमन केले, प्राणायाम केला, संकल्पाला आरंभ केला.

"महाराज, जरा घाईनं म्हना," ती मागून हळूच म्हणाली. "मेंढरं थांबनार न्हाईत."

मी देशकालाच्या उच्चारापर्यंत पोचलो होतो, तोवर कळपाने पाण्याला तोंड लावलेही होते.