सात क्रमांकाचे तिघे

उस्मानपुऱ्यातील एका खासगी रुग्णालयात ध्वनिक्षेपकाने सात क्रमांक पुकारला आणि तीन माणसे एकदम उठली.

"सात माझा हाय," अजिंठ्याहून आलेल्या चंपाबाई गुडघा धरून म्हणाल्या.

"मंग मी कोण, मावशी?" छावणीतल्या बद्रीनाथांनी चिठ्ठी डोळ्यांशी नेली. "डोळं दाखवाया आलोय खरं, पर सात तर मलाबी दिसतंय." त्यांच्यामागे कान धरून उभ्या असलेल्या मुलाच्या चिठ्ठीवरही सातच होता.

कोपऱ्यात उभ्या असलेल्या प्रोग्रामर धम्मपालला हसू आले नाही. ही टोकनप्रणाली त्याने लिहिली होती, आणि त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचा तरुण मालक ऋतुराज शेजारीच उभा होता. या आठवड्यात गटप्रमुख नेमला जाणार होता. ती जागा धम्मपालला वर्षानुवर्षे हुलकावणी देत आली होती.

"जुन्या जावा भाषेत प्रोग्राम नीट चालत होता. तुम्ही बदललं काय?" ऋतुराजने विचारले.

"काहीच नाही. जसंच्या तसं सी-शार्प भाषेत उतरवा, असं तुम्हीच सांगितलं होतं."

चाचणीसाठी त्याने सवड मागितली होती, तेव्हा भाषा बदलली की फक्त शब्द बदलतात, असे त्याला ऐकवण्यात आले होते. खरे तर त्याचाही समज तोच होता. पण समज तपासून पाहण्याची मुभा या धंद्यात कोणाला असते?

कोपऱ्यातल्या संगणकापाशी बसताच त्याला दोष दिसला. सर्व विभागांचे वर्ग, म्हणजे प्रोग्राममधले साचे, एकाच जेनेरिक, म्हणजे हवा तो विभाग जोडता येईल अशा, पायाभूत वर्गातून उतरले होते आणि चालू क्रमांक त्या पायात स्टॅटिक, म्हणजे सामाईक, ठेवलेला होता. जावामध्ये त्या पायाला अस्थिरोग जोडा की नेत्ररोग, वर्ग एकच राहतो आणि त्याचा क्रमांकही एकच. सी-शार्प मात्र जोडलेल्या प्रत्येक प्रकारासाठी निराळा वर्ग मानते. साहजिकच प्रत्येक विभागाचा स्वतंत्र क्रमांक एकपासून मोजू लागला होता. धम्मपालने त्या पायाच्याही वर एक साधा, जेनेरिक नसलेला वर्ग लिहिला आणि क्रमांक तिथे हलवला. आता सगळ्यांना तो एकच मिळणार होता.

नव्या चिठ्ठ्या वाटल्या जात असताना रुग्णालयाच्या व्यवस्थापक सुलेखाताईंनी विचारले, "चूक कोणाची होती?"

"आमच्या एका माणसाची नजरचूक," ऋतुराज सहज म्हणाला, आणि धम्मपालकडे न पाहता त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गटप्रमुखपदाचा निकाल तिथेच लागला; ते याही वेळी हुकले होते. धम्मपाल बॅग उचलून निघाला, तोच चंपाबाईंनी नवी चिठ्ठी त्याच्यापुढे धरली.

"आता ह्यो नंबर माझ्या एकलीचाच हाय ना, बाबा?"

"तुमचाच आहे, मावशी," तो म्हणाला आणि त्यांचा क्रमांक पुकारला जाईपर्यंत तिथेच थांबला. चंपाबाई उठल्या. दुसरे कोणी उठले नाही.