शुक्रवारचं ताट

आमच्या घरात आम्ही चौघी सिस्टर. चार खोल्या, एक प्रार्थनाघर, एक स्कूटर आणि चार स्टीलची ताटं. जेवण झालं की जिचं ताट तिनं घासायचं, हा घरचा नियम. वरून मोठ्या मदर पाहणीला आल्या तरी त्यांना सूट नाही. नवी सिस्टर आली की तिला मी पहिल्याच दिवशी सांगते, इथे रुसायला परवानगी आहे, ताट टाकून उठायला नाही.

मला नियम आवडतात, आणि हे सांगताना मी लाजत नाही. पहाटे साडेपाचला घंटा, मग प्रार्थना, दौंडहून फादर आले तर मिस्साचा विधी, मग चहा, आणि आठच्या ठोक्याला मी स्कूटरवर. मी नर्स आहे. शिरूर तालुक्यातल्या वस्त्यांवर फिरून टीबीच्या पेशंटना रोजची गोळी द्यायची आणि माझ्या समोर गिळायला लावायची, हे माझं काम. गोळी गालात लपवणारे मी लांबून ओळखते. लोक पाठीमागं मला फौजदारीण म्हणतात. म्हणोत बापडे, पण माझा पेशंट अर्ध्यात सुटत नाही.

म्हणजे, सुटत नव्हता.

न्हावऱ्याजवळच्या बौद्ध वस्तीत एक मावशी होत्या. साठीच्या पुढच्या, विधवा. मुलगा कारेगावला कंपनीत, तिथंच खोली घेऊन राहायचा, सुट्टीला यायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मावशी बाजेवरून उठत नव्हत्या. खोकल्यानं पाठ वाकलेली, वजन एखाद्या शाळकरी पोरीएवढं. मी रोज गेले. त्यांच्या थुंकीची डबी तपासायला मीच न्यायची, चादरी मीच उकळायची. गोळीवरून आम्ही कडाकडा भांडायचो. चार महिन्यांनी मावशी कांदे निवडायला अंगणात बसू लागल्या. अजून दोन महिन्यांच्या गोळ्या राहिल्या होत्या. या आजारात हेच खरं धोक्याचं वळण असतं. बरं वाटतं म्हणून माणूस गोळी सोडतो, आणि सोडलेला आजार परत येतो तो जुन्या गोळीला जुमानत नाही.

एके दिवशी मी गेले तर मावशी चुलीपुढं. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. घरात लसणाचा, भाजलेल्या खोबऱ्याचा वास. त्यांच्या तीन कोंबड्या होत्या, त्यातली एक त्यांनी माझ्यासाठी कापली होती. कालवण, बाजरीची भाकरी, फोडलेला कांदा, सगळं एका ताटात वाढून त्यावर दुसरं ताट झाकून ठेवलेलं.

“बसा शिस्टर. आज गोळी नंतर, आधी जेवान.”

तो शुक्रवार होता. ईस्टरच्या आधीचा आमचा उपवासकाळ चालू होता. या दिवसांत शुक्रवारी आम्ही मांस खात नाही, आणि आमच्या घरात तर दिवस मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. तीस वर्षांत माझा एकही शुक्रवार मोडला नव्हता, आणि त्याचा मला अभिमान होता.

“नको मावशी. आज मला चालत नाही,” मी म्हणाले. ताट झाकलेलंच राहू दिलं. गोळी दिली, ती त्यांनी गिळली. ऊन मी म्हणत होतं, तहान लागली होती. पर्समधून स्वतःची बाटली काढली, त्यांच्यासमोर उभ्या उभ्या दोन घोट प्यायले आणि पुढच्या वस्तीवर गेले. चूक केली असं मला जराही वाटलं नाही.

शनिवारी मावशींनी दाराची कडी काढली नाही. आतूनच म्हणाल्या, “ठिवा वट्यावर.” मी ठेवली. रविवारी गेले तर शनिवारची गोळी तिथंच, मुंग्यांनी वेढलेली. सोमवारी मी दार वाजवत राहिले, तेव्हा त्या बाहेर आल्या.

“ज्याला आमच्या हातचं चालत न्हाई, त्याच्या हातची गोळी आमाला नगं.”

मी चक्रावलेच. मग समजावलं. शुक्रवार, उपवासकाळ, तीस वर्षं, सगळं सांगितलं. 

“व्हय,” त्या म्हणाल्या. “आमच्या दारात आलं की समद्यांलाच उपास आसतो.”

मला राग आला. मी तापट आहे, तो लगेच येतो. मी म्हणाले, “मावशी, तुमची थुंकी मी या हातांनी उचलली. मला शिवायचं नसतं तर ती उचलली असती का?”

“थुकी उचलली तुमी. पन माझं ताट उघडून बी बघितलं न्हाई.”

 मी गोळी ओट्यावर ठेवली आणि निघाले. मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज गेले आणि रोज आदल्या दिवशीची गोळी उचलून आणली.

खरं तर मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. माझे आजोबा नगरकडचे, दुसऱ्याच्या शेतात राबणारे. आमचं घर ख्रिस्ती झालं, चर्चमध्ये सगळ्यांच्या शेजारी बसू लागलं, पण मालकाच्या ओसरीवर आजोबांचा कप वेगळाच राहिला. कान तुटलेला, वळचणीला खोचलेला. मी सात-आठ वर्षांची असेन, त्यांच्याबरोबर गेले होते. मालकीणबाईंनी लांबून चहा ओतला, आजोबा प्यायले, रांजणाशी जाऊन त्यांनी कप विसळला आणि परत खोचून ठेवला. मालकीणबाई बोलायला फार गोड होत्या. आजोबांची चौकशी करायच्या, मला गूळ द्यायच्या. हे सगळं ठाऊक असलेली मी, बाटली काढून मावशींच्या दारात पाणी प्यायले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती शुक्रवार सकाळपर्यंत मी कुणाला सांगितली नाही.

त्या सकाळी प्रार्थनेनंतर आमच्या घरच्या प्रमुख सिस्टरना, सुपीरियरना, सांगितलं. त्या केरळच्या, पंचाहत्तरीच्या, नियमाला माझ्यापेक्षा कडक. त्या माझी बाजू घेतील असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तशी आशाही होती.

“गोळी किती दिवस चुकली?” त्यांनी विचारलं.

“सहा.”

“मग तू इथे काय करते?”

“सिस्टर, आज शुक्रवार आहे.”

“कॅलेंडर मला पण दिसते,” त्या म्हणाल्या आणि स्कूटरची किल्ली माझ्यापुढे सरकवली.

मावशी अंगणात होत्या. परत खोकत होत्या. सहा दिवसांत आजार उलटत नाही हे मला माहीत होतं, तरी खोकल्याची प्रत्येक ढास मी मोजली. बाटली मी मुद्दाम घरी ठेवली होती.

“मावशी, मला भूक लागलीय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आज शुक्रवार हाय. तुमचा उपास.”

“हो.”

“मंग?”

“मग काही नाही. भूक लागलीय.”

मावशींनी गुडघ्यावर हात टेकला. मग उठल्या, पाटी उचलली आणि खालची दुसरी कोंबडी धरली. मी “अहो मावशी” म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी नको म्हणायचा माझा हक्क संपला होता. त्यांनी कोंबडी साफ केली, मी लसूण सोलला. पाट्यावर वाटण वाटताना त्यांना दम लागला, तेव्हा वरवंटा मी घेतला. “पानी घाल, कोरडं वाटतीस,” एवढंच त्या बोलल्या. तांब्यातलं पाणी मी आधी प्यायले, मग वाटणात घातलं. त्यांनी ते पाहिलं.

दीड तासानं आम्ही दोघी समोरासमोर जेवायला बसलो. मी पोटभर जेवले. कालवण तिखटजाळ होतं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच तिखटामुळं नव्हतं. पुढं फादरांपाशी मी पापनिवेदन केलं ते आधीच्या शुक्रवारचं. या शुक्रवारबद्दल मला देवाची माफी मागावीशी वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

जेवून झाल्यावर मी सवयीनं ताट उचललं आणि अंगणातल्या मोरीकडे निघाले.

“ठिव त्ये खाली.”

“आमच्यात आपलं ताट आपणच घासतो, मावशी.”

“तुमच्यात घासत्याल. आमच्या मानसांनी लोकांच्या दारात लई ताटं धुतली. माझ्या दारात पाव्हण्यानं धुवायचं न्हाई.”

मी ताट खाली ठेवलं. “माझ्या आजोबांनीपण धुतलीत,” मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक, तीस वर्षांत हे मी आमच्या घरातही कधी बोलले नव्हते. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. 

मग त्यांनी माझं ताट उचललं, राखेनं घासलं, धुतलं, आणि आत नेऊन स्वतःच्या ताटावर पालथं ठेवलं. पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि तळवा माझ्यापुढे केला.

“आन ती गोळी.”