तिसऱ्याची खुशाली

“आणि तुम्ही? तुमची तब्येत कशी आहे?”

फोन ठेवण्याआधी मावशी हे हटकून विचारायच्या. इराणातल्या शिराझहून बोलणाऱ्या भावजयीला नव्हे, तिची खुशाली आधीच विचारून झालेली असायची. हा प्रश्न तिसऱ्याला असायचा. तिसरा म्हणजे त्या लाइनवर बसून चोरून ऐकणारा तिकडचा सरकारी माणूस.

सिंगापुरात टॅम्पिनीसला त्या आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. आम्ही राहायला गेलो त्या दिवशी दाराबाहेर चपला काढत होतो, तर मागून आवाज आला, “पुण्याचे का? चपला भिंतीला लावून ठेवा. लोक अडखळतात.” वळून पाहिलं तर गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची बाई. परदेशात तरी पुणेकर टाळता येतो असा माझा समज होता. तोही गेला.

त्या मूळच्या इराणच्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पुण्याला फार्मसी शिकायला आल्या आणि मागे त्यांच्या देशात क्रांती झाली. पासपोर्टची मुदत संपली तेव्हा अर्जात धर्म विचारला होता. त्यांनी खरं ते लिहिलं, बहाई. हा इराणातच जन्मलेला धर्म. सगळे धर्म एकाच देवाकडून आले असं सांगणारा, आणि नेमकी इराणातच त्याला जागा नाही. पासपोर्ट मिळाला नाही. परत जाणं संपलं. “दुसरा शब्द लिहायचा होता की,” मी एकदा म्हणालो. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय बदलून पावसावर आलो. पुढे एका सिंगापुरी तमिळ बहाई गृहस्थांशी लग्न होऊन त्या इकडे आल्या. मी ओळखू लागलो तेव्हा ते गृहस्थ वारलेले होते.

दर रविवारी दुपारी फोन यायचा. मावशींचा एक कान गेलेला, म्हणून स्पीकर लावायच्या, आणि मला बोलावून घ्यायच्या. “एकटीनं ऐकू नये असं वाटतं हो,” म्हणायच्या. बोलणं फारसीत चालायचं, मला कळावं म्हणून त्या मधूनमधून मराठीत सांगायच्या. बाहेर कॉरिडॉरमध्ये लख्ख ऊन, खाली मुलांचा दंगा, आणि खोलीत कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाचा श्वास. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, मावशींच्या मागे कुणी उभं आहे. मी खरोखर वळून पाहिलं. भिंतीवर नुसतं कॅलेंडर होतं.

हळूहळू तो श्वास ओळखीचा झाला. कधी चहाच्या पेल्यात चमचा वाजायचा. कधी खुर्ची करकरायची. एकदा त्याला जबर खोकला झाला होता, तर मावशींनी भावजयीचं बोलणं मध्येच थांबवून त्याला आलं-मध घ्यायला सांगितलं. शेवटी त्या फार्मसिस्टच. भावजय फोन ठेवायची तरी श्वास चालू असायचा, आणि मावशी रिसीव्हर हातात धरून बसायच्या. मी खूण केली की हळूच म्हणायच्या, “त्याला आधी ठेवू दे. पाहुण्याआधी आपण उठू नये.” मग शिराझचा तो आणि टॅम्पिनीसच्या या, एकमेकांची शांतता ऐकत राहायचे. भरदुपारी माझ्या अंगावर काटा यायचा. मावशी आरामात बसलेल्या.

एका रविवारी भावजय नुसती रडली. तिथलं बहाईंचं कब्रस्तान खणून काढलं होतं. मावशींची आई तिथेच पुरलेली. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की सिंगापुरातही जागा नाही म्हणून पंधरा वर्षांनी कबरी हलवतातच. “हो,” मावशी म्हणाल्या, “पण इथे आधी नोटीस येते.” फोन ठेवण्याआधी त्यांनी तिसऱ्याला विचारलं, ‘माझ्या आईचं काय केलंत?’ श्वास थांबला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याची खुशाली विचारायची राहिली, आणि मावशींना संध्याकाळी त्याचीच चुटपुट लागून राहिली.

मावशींचा धाकटा भाऊ, म्हणजे या भावजयीचा नवरा, तुरुंगात होता. बहाई मुलांना तिकडे विद्यापीठात घेत नाहीत, म्हणून त्यांच्या मास्तरांनी आपापल्या बैठकीच्या खोल्यांत वर्ग चालवले. भाऊ रसायनशास्त्र शिकवायचा. त्याबद्दल त्याला उचललं. मूत्रपिंडं आधीच अधू, त्यात एकांतकोठडी. महिना उलटला तरी तो जिवंत आहे का, एवढंही कुणी सांगेना.

परदेशी सरकारं अधूनमधून निवेदनं काढायची. मावशींना ती भाषा पाठ झाली होती. “आज एका देशाला चिंता वाटली,” त्या लिफ्टमध्ये सांगायच्या. कधी “आज तीव्र चिंता.” वेधशाळेचा अंदाज सांगावा तसा सूर. मी विचारायचो, “आणि इराणला?” “त्याला काही वाटत नाही.” यावर आम्ही दोघंही हसायचो, कारण दुसरं करणार काय?

मग एका देशाच्या वकिलातीतला तरुण अधिकारी त्यांना भेटायला आला. पाया लेबारच्या फूड कोर्टात आम्ही तिघं बसलो. त्यांचं सरकार लवकरच एका जागतिक सभेत निवेदन करणार होतं. नेहमी नुसतं ‘बहाई कैदी’ म्हणतात. या वेळी भावाचं नाव घेऊ का, असं तो विचारत होता. घरच्यांची संमती हवी होती. नाव घेतलं तर कदाचित त्याला दवाखान्यात हलवतील. कदाचित चिडून संपवतीलही. अधिकारी प्रामाणिक होता. “मी सांगू शकत नाही,” म्हणाला. समोरचा चहा मावशींनी तसाच ठेवला.

रविवारी त्यांनी भावजयीला सरळ विचारलं. आडून बोलणं त्यांना जमतच नसे. ती म्हणाली, तुम्हीच ठरवा, माझ्यात बळ नाही. आणि तेवढ्यात श्वासातून आवाज निघाला. घोगरा, वयस्क, अगदी जवळचा. मला त्यातला ‘नाम’ एवढाच शब्द कळला. दोनदा म्हणाला. मग खट्‌कन लाइन तुटली. आज पाहुणा न सांगता उठला होता.

मावशींनी मला मराठीत सांगितलं, “नाव सांगा म्हणाला. नाव नसलेल्याला आत कुणी विचारत नाही म्हणाला.”

“मावशी, सापळा असेल. तो त्यांचाच माणूस आहे.”

“हो ना. म्हणून तर त्याला माहीत असणार.”

त्यांनी होकार कळवला. सभेत भावाचं नाव वाचलं गेलं. उच्चार चुकीचा होता, पण नाव त्याचंच. त्यानंतरचे दिवस मावशी जेवत होत्या की नाही, देव जाणे. माझी बायको डबा द्यायची, तो धुऊन परत यायचा, एवढंच.

पुढच्या फोनवर भावजय हसत होती, रडत होती. भावाला दवाखान्यात हलवलं होतं. तिनं त्याला पाहिलं होतं. वाळून गेलाय, पण तिच्या हातचा चहा प्यायला. मीसुद्धा डोळे पुसले, खोटं कशाला सांगू? मावशींनी देवाचे आभार मानले, आणि नेहमीसारखं विचारलं, “आणि तुम्ही?”

लाइन स्वच्छ होती. चमचा नाही, खुर्ची नाही, श्वास नाही. इतका स्वच्छ फोन मी शिराझचा कधी ऐकला नव्हता, आणि त्या स्वच्छपणाची मला फार भीती वाटली. पुढच्या रविवारीही तसंच. त्याच्या पुढेही. मावशी विचारत राहिल्या.

भाऊ काही काळानं घरी आला. त्याचा पहिला फोन आला तेव्हा मावशींनी त्याला आधी तिसऱ्याबद्दलच विचारलं. त्याला काय ठाऊक असणार?

सर्वपित्रीला मी कॉरिडॉरच्या कठड्यावर पान ठेवलं होतं. आमच्या मजल्यावर कावळे फिरकत नाहीत, साळुंक्यांवर भागवावं लागतं. मावशी दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“आज कुणाचं?”

“सगळ्यांचं. ज्यांची तिथी माहीत नाही, त्यांचंही.”

“नाव माहीत नसलं तर?”

“तरी चालतं.”

“आपल्या घरचा नसला तर?”

“चालतं, मावशी.”

त्यांच्या मनात कोण आहे ते मला कळत होतं, म्हणून मी पळीत पाणी घेतलं. त्यांनी माझा हात धरला.

“पण हे गेलेल्यांसाठीच ना?”

“हो. जिवंत माणसासाठी करत नाहीत.”

“मग नको,” त्या म्हणाल्या. “आत्ताच नको.”

मावशींना जाऊन आता बरेच दिवस झाले. शेजारी नवे भाडेकरू आलेत. सर्वपित्रीला मी मावशींच्या नावानं ताम्हनात पाणी सोडतो. त्यांना हे पटलं असतं का, विचारायचं राहूनच गेलं. मग तिसऱ्यासाठी पुन्हा एकदा पळी भरतो, क्षणभर तशीच धरतो, आणि ते पाणी परत पंचपात्रात ओततो.