अम्मांनी पास केलेले शब्द

हे मंगळवारी गेले. सकाळी दाढी केली, कॉफी घेतली, खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. तेरावं झालं आणि नणंद म्हणाली, "अम्माला मी रविवारी घेऊन जाते."

अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. नणंद म्हणजे अक्का, ह्यांची मोठी बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडवर, अकराव्या मजल्यावर राहते. मी "बरं" म्हटलं आणि ताटं उचलायला लागले. मला "नको" म्हणायचं होतं. पण कॉलेजच्या ग्रंथालयात सगळी नोकरी इतरांना गप्प बसा सांगण्यात गेली, आणि घरीही तीच सवय लागली. शिवाय आईला लेकीकडे जाऊ नका म्हणणारी सून मी आमच्यात पाहिलेली नाही.

अम्मा गेल्या की घरात मी एकटी, हे मला कळत होतं. अम्मांच्या मनात काय आहे ते मात्र कळत नव्हतं. आम्ही दोघी समोरासमोर बसून कधी फार बोललोच नव्हतो. बोलायचे ते हे. आमच्यात सामायिक असा एक खेळ होता, तोही ह्यांनीच काढलेला.

निवृत्त झाल्यावर ह्यांना इंग्रजी शब्दांचं वेड लागलं. दुपारच्या कॉफीनंतर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सात अक्षरं लिहायची. त्यांतून पाच अक्षरांचे शब्द काढायचे, आणि एक ठरलेलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच. मी पुस्तकांत वाढलेली, हे पीण्या ह्या औद्योगिक भागातल्या कारखान्यात लेथ मशीनवर. पहिल्याच दिवशी मी नऊ शब्द काढले, ह्यांनी तीन. त्यातलाही एक मला संशयास्पद वाटला म्हणून मी शब्दकोश आणला.

"तो चालणार नाही," हे म्हणाले. "तो तुझ्या माहेरून आलाय. तुझीच बाजू घेणार."

"मग पंच कोण?"

"अम्मा."

अम्मांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. त्यांची शाळा कन्नड, तीही चौथीपर्यंत. ह्यांच्या मते हीच त्यांची पात्रता. ज्याला काहीच येत नाही तो पक्षपात कसा करणार? नियम असा ठरला की शब्द अम्मांना एका वाक्यात समजावून सांगायचा. त्यांना पटला की त्या कन्नडमधे "सरी", म्हणजे बरोबर, म्हणायच्या आणि गुण मिळायचा.

एके दिवशी अक्षरं होती ए, सी, ई, एच, एल, आर, टी, एच सक्तीचं. अम्मा अवरेकाईच्या शेंगा सोलत होत्या. मी टीच, चार्ट, लॅच सांगितले. ह्यांनी लेथ सांगितला, मग थोडं घुटमळून म्हणाले, "लार्थ."

"असा शब्द नाही," मी म्हटलं.

"तू गप्प. पंचांना विचार. अम्मा, लार्थ म्हणजे इडलीपात्रात दोन इडल्यांच्या मधे जी जागा असते ना, ती."

अम्मांनी शेंग खाली ठेवून विचार केला. "जिथं पीठ सांडतं ती?"

"तीच."

"तिला नाव पाहिजेच. सरी."

मी चिडले. हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर रोज असे आठ-दहा शब्द यायचे आणि रोज मी हरायचे. खऱ्या शब्दांनी हरणं मी समजू शकते. पण खोट्या शब्दांनी, तेही वर्षानुवर्षं!

अक्का रविवारी येणार होती. गुरुवारी दुपारी अम्मा कॉफीचा पेला खाली ठेवून म्हणाल्या, "अक्षरं मांड गं."

मी मांडली. एम, ओ, एन, आर, टी, ए, एल, ओ सक्तीचं.

"मोलर," मी म्हटलं. "म्हणजे दाढ."

"माझ्याकडे एक पण नाही. पुढं."

"मॉरल. म्हणजे गोष्टीचं तात्पर्य."

"स्वल्प थांब. तू पुस्तकातलंच वाढणार का मला? तो रोज खोटं बोलायचा, पण काहीतरी दाखवायचा तरी."

"तुम्हाला कळायचं?"

"मी त्याची आई आहे. मला इंग्रजी येत नाही, तो येतो."

मी कॅलेंडरकडे पाहत बसले. मग आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द बनवला. "लोमॅट."

"म्हणजे?"

"म्हणजे जाणाऱ्या माणसाला थांबा म्हणायचं असतं, आणि तोंडातून 'अजून कॉफी देऊ का' एवढंच येतं. ते."

अम्मांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाद."

अम्मांनी आजवर कुणाचा शब्द बाद केला नव्हता. "का? लार्थ चालतो आणि माझा नाही?"

"जिथं पीठ सांडतं त्या जागेला आपल्यात शब्द नव्हता. ह्याला आहे. तो बोल."

मी म्हटलं, "अम्मा, जाऊ नका."

"सरी," त्या म्हणाल्या, आणि पेला पुढे केला. "आता कॉफी पण दे. स्वल्प."

रविवारी अक्का गाडी घेऊन आली. अम्मांची पिशवी भरलेली नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

"ही कशाला खाली बघते? मी ठरवलंय," अम्मा म्हणाल्या.

"अगं, तिथं लिफ्ट आहे, बाग आहे, तुझ्या वयाच्या बायका आहेत. इथं तुला काय काम आहे?"

"इथं मी पंच आहे. तुझ्या लिफ्टमधे मी काय आहे?"

अक्का रागावली, मग जेवली, मग संध्याकाळी एकटीच परत गेली. महिन्यातून एक आठवडा अम्मा तिच्याकडे जातील असं ठरलं आहे.

आता घरात आम्ही दोघी आहोत. अम्मा समोरच्या खोलीत झोपतात, मी मधल्या. दुपारी आम्ही बोलतो.