मशीनपुढची माफी

"पाया पड मशीनच्या," मालक म्हणाले. "तुझ्या रगताचा विटाळ झालाय तिला."

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. बँडेज अजून ओलं होतं. दवाखान्यातून सुटून कामावर परतलो तो पहिला दिवस. एकाहत्तर-बहात्तरचा सुमार असेल. उद्यमनगरातला आमचा कारखाना छोटा. ऑइल इंजिनाला लागणारे पत्र्याचे वॉशर आम्ही प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, काढायचो. त्या प्रेसला खंडेनवमीला घालतात तशी झेंडूची माळ घातली होती. नारळ तयार होता. मालकांनी सगळ्या कामगारांना भोवती उभं केलं होतं.

मी वाकलो. चूक झाली, असं पुटपुटलो.

"मोठ्यानं बोल. मागं ऐकू येत न्हाई," मालक म्हणाले.

कोणीतरी हसलं. मग मी ओरडलो, चूक माझी होती, माझं लक्ष नव्हतं. नारळ फुटला. खोबरं वाटलं. मलाही दिलं. मी ते खाल्लं.

लक्ष होतं माझं. नव्हती ती प्रेसपुढची लोखंडी जाळी. बोटं आत जाऊ नयेत म्हणून ती प्रेसबरोबरच आली होती. पण जाळी लावली की माल कमी निघायचा. मालकांनी ती काढायला लावली. फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचे असले की ती माळ्यावरून खाली यायची. ते चहा पिऊन गेले की परत वर. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण असल्या हाताला दुसरीकडे काम कोण देणार? मालकांनी ठेवून घेतलं, पुढं मुकादम केलं. आई त्यांना देवमाणूस म्हणायची. मला तोंडच उरलं नाही.

आणि माझ्यानंतर ती रीतच पडली. ज्याला इजा होईल त्यानं परतल्यावर नारळ फोडायचा, माफी मागायची. माळ आणायला मुकादम, म्हणजे मीच. घाबरू नको, एवढं एक वाक्य बोल आणि मोकळा हो, असं मीच प्रत्येकाला समजवायचो. हे लिहिताना लाज वाटते.

मग काही वर्षांनी शिवाचा हात गेला. राधानगरीकडचा दणकट गडी. पंजा मनगटापासून गेला. तो परतला त्या दिवशी मालकांनी मला बाजूला घेतलं.

"त्याला मोठ्यानं बोलायला लाव. उद्या कोर्टात गेला, तर ऐकलेली माणसं पायजेत की."

इतकी वर्षं मी ह्याला मालकांचा देवभोळेपणा समजत होतो. तो बंदोबस्त होता. माझ्याच तोंडून माझ्याविरुद्ध साक्षीदार उभे केले होते. आणि त्यानंतर तेच काम मी इतरांच्या बाबतीत करत आलो होतो.

शिवा प्रेसपुढं उभा राहिला. बोलेना. मग माझ्याकडं वळला.

"मामा, तुमी सांगा. माझी चूक हाय?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"न्हाई," मी म्हणालो. "जाळी माळ्यावर हाय. ती काढली म्हणून हात गेला."

मालक चिडले नाहीत. हसून बाकीच्यांना म्हणाले, "लंगडा बैल दावणीला ठेवला, तर त्योच शिंगं उगारतोय बघा."

त्याच दिवशी आम्ही दोघे कारखान्याबाहेर होतो.

शिवानं भरपाईचा दावा लावलाय. उद्या माझी साक्ष आहे. काल मालकांचा माणूस घरी येऊन गेला. गप्प बसलास तर परत मुकादम, म्हणाला. मला अजून कुठं काम मिळालेलं नाही.

त्यांचा वकील विचारेल, तू स्वतः माफी मागितली होतीस ना? मी हो म्हणेन. इतरांना मागायला लावलीस ना? त्यालाही हो म्हणेन. ते माझ्या नावावर लिहून घ्या म्हणेन. त्यानंतर जाळी कोणी काढायला लावली ते सांगेन. मालक समोर बसलेले असतील. त्यांच्या डोळ्यांत बघून त्यांचं नाव घेईन.