सोडलेली ओळ

भाऊमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकला फराळाचे रिकामे डबे माळ्यावर चढवत होते. "दिवाळीत नक्की येते, मामा," असं मीच त्यांना सांगितलं होतं आणि दरवर्षीसारखं पुढं ढकललं होतं... महिना उलटला, तरी स्वतःवरचा राग जात नाही.

मामा पडेगावच्या शेतकरी घरातले, शिकले मात्र निजामाच्या अमलात, उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादच्या कचेऱ्यांत त्या उर्दूला कोणी विचारेना, तेव्हा मिसरूड फुटल्यावर ते एबीसीडी गिरवायला बसले. पुढे इंग्रजीचे मास्तर झाले, तरी नामाला 'इस्म' आणि क्रियापदाला 'फेल'च म्हणत. वहीसुद्धा उर्दूसारखी उलट्या बाजूनं सुरू करत. सुट्टीत आम्हा भाचरांना रोज एक इंग्रजी शब्द मिळे. त्याची दोन वाक्यं करायची, एकात तो इस्म, दुसऱ्यात फेल. अट एकच, दोन्ही वाक्यं खरी पाहिजेत.

एकदा 'वॉटर' आला. पाणी प्याले, हे खरं होतं. दुसरं मी ठोकून दिलं, पेरूला पाणी घातलं म्हणून. मामा उठले आणि पेरूच्या बुडाशी बोट खुपसून आले.

"माती तर कोरडी हाय की गं. खोटं लिहायचं नाय. जागा सोड, खरं झालं की लिही."

मी भोकाड पसरलं. मग त्यांनीच बादली भरली, कडी दोघांनी धरली आणि वाक्य खरं झालं. त्या दिवसापासून तो पेरू माझा झाला.

तेराव्याला गेले तेव्हा मामींनी मामांची वही हातात दिली. "तुझ्यासाठीच ठिवली व्हती. शेवटचं पान बघ." ते शेवटचं पान आपल्या पहिल्या पानाच्या जागी होतं. शब्द होता 'व्हिजिट'. थरथरत्या इंग्रजी अक्षरांत मामांचं वाक्य, तुझ्या भेटीची वाट पाहतो आहे. खालची ओळ कोरी, आणि समासात माझं नाव.

"लिही की आता, आलीस ना," मामी म्हणाल्या.

मी पेन उघडलं. मामांना भेटले, एवढंच तर लिहायचं होतं... नाही लिहिता आलं.

वही मिटून परसात गेले. पेरूची माती कोरडी होती. बादली भरली, आणि सवयीनं कडीची अर्धी बाजू मोकळी सोडून धरली.