सोबतीला कोण

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टार्व्हर, वय एकसष्ट झालं. आतड्याच्या कर्करोगासाठी दुर्बिणीतून तपासणी करून घ्या. आपल्या काळ्या पुरुषांना तो जास्त होतो, त्यांनी तर मुळीच उशीर करू नये. गुंगीचं औषध देतात, तेव्हा घरी न्यायला कुणीतरी सोबत हवं."

दुर्बीण कुठून घालतात हे कळल्यावर मी तीन वर्षं टाळाटाळ केली. मेम्फिसमध्ये एकतीस वर्षं टपाल वाटलं, कुत्री अंगावर घेतली. पण या तपासणीचं नाव काढलं की पाचावर धारण बसायची.

शेवटी एका गुरुवारची तारीख घेतली. अर्जावर सोबत्याचं नाव लिहायचं होतं. ऑरेंज माउंड वस्तीत मला भाऊ म्हणणारे चाळीसएक पुरुष असतील. माझ्या घटस्फोटानंतर त्यांनीच माझं सामान हलवलं होतं. पण हे एकाजवळही सांगायची छाती होईना. सगळ्यांत जवळचा लॉन्झेल पेटवे. पस्तीस वर्षं दर शनिवारी त्याच्या अंगणात आम्ही सगळे मांस भाजतो आणि एकमेकांची टर उडवतो. त्याला कळलं असतं, तर मेल्यावरही माझी सुटका नव्हती.

म्हणून मी व्हर्निटाला फोन केला. आमचा काडीमोड होऊन नऊ वर्षं झाली होती.

"लॉन्झेलला सांग की," ती म्हणाली.

"त्याला नाही सांगवत. तू मला याहून वाईट अवस्थेत पाहिलंयस."

"ते मात्र खरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या शनिवारी लॉन्झेल म्हणाला, "गुरुवारी मी मासे धरायला चाललोय." मला हायसं वाटलं. मीही ठोकून दिलं, "मी बहिणीकडे, नॅशव्हिलला."

बुधवारी तपासणीआधी पोट साफ करायला जुलाबाचं औषध घेतलं. माझ्यातला मर्द दिवसभर संडासातच मुक्कामाला होता.

गुरुवारी दवाखान्यात मागून उघडा झगा दिला. मी तो एका हाताने धरून खुर्चीवर बसलो. पडद्यापलीकडे कुणीतरी खोकलं. तो खोकला माझ्या ओळखीचा होता. पडदा सरकवला. तसाच झगा, तसाच एक हात मागे.

"मासे लागले का गळाला?" मी विचारलं.

"नॅशव्हिल कसं आहे?" लॉन्झेल म्हणाला.

नर्स गप्प करेपर्यंत आम्ही हसत होतो. मग तो एकदम थांबला. "रॉस्को आतड्याच्या कर्करोगानेच गेला," म्हणाला.

रॉस्को त्याचा थोरला भाऊ. त्याच्या शवपेटीला मी खांदा दिला होता.

"तू तर म्हणालास, हृदयविकार."

"त्यानेच सांगितलं होतं, लोकांना मर्दाला शोभेल असं काहीतरी सांग म्हणून."

मी मोकळा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि अगदीच खुळ्यासारखं म्हणालो, "व्हर्निटा बाहेर बसलीये."

"ओडेसापण," तो म्हणाला. ओडेसा त्याची बायको.

माझं सगळं ठीक निघालं. लॉन्झेलच्या आतड्यात दोन छोट्या गाठी निघाल्या, त्या तिथेच काढल्या. पुढे तपासणीत त्या निर्धोक ठरल्या. बाहेर दोघी बायका एकाच पुडीतले शेंगदाणे खात बसल्या होत्या. मग कळलं, त्या दर रविवारी फोनवर बोलतात. माझी तारीख समजताच ओडेसाने नवऱ्यासाठीही तोच दिवस घेतला होता. आम्ही दोघं खोटं बोलत होतो तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं.

शनिवारी लॉन्झेलने भर अंगणात सगळं सांगून टाकलं. रॉस्कोचंही. कुणी टर उडवली नाही. आमच्या टोळक्यातल्या धिप्पाड ओथाने हळूच विचारलं, "दुखतं का रे?" मी लगेच जाणकार झालो आणि अर्धा तास भाषण ठोकलं.

व्हर्निटाकडे आभार मानायला गेलो, तर ती म्हणाली, "गाडीत गुंगीत तू माझी माफी मागितलीस. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनची."

मला काहीच आठवत नव्हतं.

"पुन्हा माग," ती म्हणाली. "या वेळी शुद्धीत."

मी खुर्ची ओढून बसलो. तेव्हापासून दर शुक्रवारी जातो; चार शुक्रवार झाले, माफी अजून लग्नाच्या तिसऱ्या वर्षावरच आहे.